वर उचललेली चार चाके

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून रोज लिहिणार. ज्याच्या हाती अठरा चाकांचा ट्राला येणार आहे, त्याच्याकडे नोंदी असल्या पाहिजेत. अजून आलेला नाही. पण येणार आहे.

परिस्थिती अशी. प्रेमसिंग शेठचा ट्राला दौलतराव काका चालवतात आणि मी त्यांच्याबरोबर क्लीनर आहे. काकांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. त्या बाजूच्या आरशात त्यांना सगळे धुके दिसते, म्हणून आरसा मी बघतो आणि काय दिसले ते त्यांना सांगतो. डिसेंबरात त्यांचे ऑपरेशन. त्यानंतर ते गाडीवर बसणार नाहीत. सीट रिकामी होणार. माझे हेवी लायसन्स मार्चमध्ये झालेले आहे.

आज मालेगावच्या (तिकडचे मोठे नव्हे, आमच्या इकडचे) यार्डात शेठ सगळ्यांसमोर म्हणाले की बावीस तारखेची सोयाबीनची खेप संघदीप (म्हणजे मी) चालवील, दौलतराव बाजूला बसतील. दंडाची पावती न फाटता माल अमरावतीकडच्या तेल कारखान्यात पोचला, तर सीट त्याची. फाटली तर धनज गावचा ड्रायव्हर अमरदीप तयार आहे. त्याचा दोनदा फोन येऊन गेला म्हणे.

छातीत धडधड झाली. उत्साहाची होती.

संकल्प : पहाटे पाचला उठणे. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्यांजवळ उभे न राहणे. वजनाच्या विषयात संपूर्ण तज्ज्ञ होणे.

४ नोव्हेंबर

सव्वासातला उठलो. आमच्या शिरपूरहून मालेगावला जाणारी एसटी आज लवकर सुटली, असे यार्डात सांगितले.

वजनाचा अभ्यास सुरू. लोकांना वाटते, वजन म्हणजे एकूण वजन. आमच्या ट्राल्याची पासिंग साडेपंचेचाळीस टन, म्हणजे रिकामी गाडी आणि माल मिळून तेवढे कायद्याने चालते. पण एवढ्यावर भागत नाही. पुढे इंजिनचा घोडा असतो, मागे ट्राला. ट्राल्याचे नाक घोड्याच्या पाठीवर टेकलेले असते. माल पुढे सरकवून भरला तर घोडा दबतो. मागे भरला तर मागची चाके दबतात आणि घोडा हलका होऊन चढावर चाके जागीच फिरतात. प्रत्येक ॲक्सलची आपापली मर्यादा आहे. एकूण बरोबर असूनही एका ॲक्सलवर जास्त निघाले तर पावती.

हे सगळे मी घरी काडेपेटी आणि पेन्सिलींचे तुकडे घेऊन करून पाहिले. आईने विचारले, काय खेळून राह्यला. अभ्यास म्हणालो. आई म्हणाली, दहावीच्या वेळेस नाही केला.

दहावीला मराठीत मला एकाहत्तर होते. गणित दोनदा राहिले, ते पेपर तपासणाऱ्याचे वैयक्तिक मत.

६ नोव्हेंबर

ट्राल्याच्या फळ्यांवर खडूने रेघा मारल्या. प्रत्येक पट्ट्यात किती कट्टे, म्हणजे साठ किलोची पोती, ते आकड्यात लिहिले. आमच्याकडचे हमाल नेहमी घोड्याच्या बाजूने थप्पी लावत येतात. पुढे उंच लावतात आणि मागे येईपर्यंत दमतात, म्हणून मागे ठेंगणी. वर्षानुवर्षे घोड्यावर अन्याय होत आला आहे.

हमालांचा मुकादम रूपला बराच वेळ रेघा बघत उभा राहिला. मग त्याने विचारले की लंगडी खेळायची हाय का. त्या वेळेपासून सगळे हमाल मला मास्तर म्हणतात. आदरानेच म्हणत असावेत. हसतात, पण ते त्यांच्यात काहीतरी चालू असते.

८ नोव्हेंबर, शनिवार

आजची तारीख लक्षात ठेवण्यासारखी. शोध लागला.

आधी लिफ्टबद्दल लिहितो. ट्राल्याच्या मागे तीन ॲक्सल आहेत, प्रत्येकाला चार चाके. त्यांतला पहिला बटन दाबून वर उचलता येतो. गाडी रिकामी असली की ड्रायव्हर लोक तो वर उचलून ठेवतात, चार टायर झिजायचे वाचतात. गाडी भरली की खाली सोडतात. का सोडतात, असे मी काकांना विचारले होते. ते म्हणाले, सोडा लागते.

आज हरभऱ्याच्या बियाण्याचा माल घेऊन आम्ही वजनकाट्यावर चढलो होतो. आत संगणकावर निता ताई बसतात. आकडा आला. सहज म्हणून मी बटन दाबून लिफ्ट वर घेतली. आकडा ऐंशी किलोने कमी झाला. डोळ्यांवर विश्वास बसेना. काका तेवढ्यात खर्रा आणायला उतरले होते, पण त्याचा याच्याशी संबंध नाही.

एका वेळच्या निरीक्षणावर मी विसंबत नाही. म्हणून लिफ्ट पुन्हा खाली सोडली. आकडा परत ऐंशीने वाढला. काका येऊन बसले होते.

तिसऱ्यांदा करणार होतो. निता ताईंनी खिडकीतून हात काढून मागची रांग दाखवली आणि म्हणाल्या, दादा, हे झुला नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

नियम मांडला. जी चाके जमिनीला टेकलेलीच नाहीत, त्यांचे वजन काट्यावर येऊ शकत नाही. काटा जमिनीत असतो. एका मागच्या ॲक्सलची मर्यादा नऊ टन. तो वर उचलला की नऊ टन हिशोबातून गेले. एवढी साधी गोष्ट इतक्या वर्षांत कोणाच्या लक्षात येऊ नये, याचे वाईट वाटते.

संध्याकाळी हे सुकेशनीला सांगितले. माझी बहीण बारावी सायन्सला आहे. तिने पूर्ण ऐकून घेतले. मग म्हणाली,

"दादा, खाटीचा एक पाय काढला तं बाकीच्या तिघाईवर वजन कमी होते का जास्त?"

मी म्हणालो, खाट स्थिर असते. ट्राला चालतो. दोन्हींची तुलना होत नाही.

ती म्हणाली, चालला तरी माल कुठं जाते, तो तं वरच बसला हाय.

पुस्तकी शिक्षणाचा हा तोटा. रस्त्यावरचा अनुभव नसतो. मी तिला रागावलो नाही, फक्त जेवताना तिच्याशी बोललो नाही. रात्री खाटेवर झोपताना उगीचच कड बदलत राहिलो. एक पाय कुरकुरतो.

१२ नोव्हेंबर

शेठशी बोललो. दुपारी ते फोनवर होते. एक फोन संपून दुसरा लागायच्या मधल्या वेळात मी सांगितले की बावीसच्या खेपेत पाचशे वीसऐवजी पाचशे साठ कट्टे नेता येतील, कायद्यात बसवून. चाळीस जादा. तेल कारखान्याला माल हवाच आहे.

नियमाप्रमाणे नऊ टन जादा नेता येतात, म्हणजे दीडशे कट्टे. मी फक्त चाळीस म्हणालो. मी लोभी नाही.

शेठने फोन बाजूला धरला. "पावती तं नाही फाटनार?"

नाही म्हणालो.

"तू फालतू बोलत नाही, म्हनून भरू देतो. दुसऱ्यानं म्हनलं असतं तं हाकलून देल्लं असतं."

युक्ती काय ते सांगितले नाही. आधीच सांगितली तर धनजपर्यंत जायला वेळ लागत नाही. शेठ म्हणाले, दौलतरावले सांगून ठेव. सांगतो म्हणालो.

१३ नोव्हेंबर

काकांना सांगायचे राहिले.

१५ नोव्हेंबर

यार्डात रिव्हर्सचा सराव. ट्राला मागे घेताना स्टिअरिंग उलटे फिरवावे लागते. डावीकडे जायचे तर उजवीकडे. हे मला तोंडपाठ आहे. पाण्याची टाकी जिथे होती तिथे ती नसती तर काहीच झाले नसते. टाकीची जागा चुकलेली आहे, असे मी नंतर मोजून दाखवले. ऐकायला कोणी थांबले नव्हते.

काका म्हणाले, होते, माह्याकडूनबी पैल्या वर्सी एक टपरी गेली होती. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, तू आरसा चांगला पाह्यतं, बाकी येऊन जाईन. तुह्या भरोश्यावर तं मी दोन वर्सं या डोळ्यावर गाडी काढली.

सांगायची हीच वेळ होती. पण त्यांचा मूड चांगला होता.

१७ नोव्हेंबर

पेंटरकडे गेलो होतो. ड्रायव्हरच्या दारावर पिवळ्या रंगात 'चालक' हा शब्द काढून घेतला. पुढे दोन ठिपके आणि नावापुरती मोकळी जागा. नाव बावीस तारखेनंतर घालणार. उतावीळपणा मला आवडत नाही. पेंटरने आधी क-ला कान्यासारखे काहीतरी काढले होते, ते पुसायला लावले.

शेठच्या लक्षात आले. त्यांनी दाराकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. जागा सोडली हे बरं केलं, म्हणाले.

१९ नोव्हेंबर

जेवण जात नाही. आई म्हणते चेहरा उतरला. तयारी चालू आहे म्हणालो.

झोपेत एक विचार आला. समजा काटा सगळ्या गाडीचा नसून एकेका ॲक्सलचा असला, तर? उठून बसलो. पेन्सिलींवर काडेपेटी ठेवली, त्यावर आईचा अडकित्ता ठेवला. एक पेन्सिल काढून घेतली. काडेपेटी एका बाजूला कलली आणि अडकित्ता पडला. आई जागी झाली.

पेन्सिली गोल असतात, घरंगळतात. या प्रयोगाला अर्थ नाही. सर्व सामान पिशवीत भरून पिशवी कपाटावर टाकली.

सुकेशनीने सकाळी विचारले की काकाले सांगितलं का. म्हटले, तू परीक्षेचे बघ. ती म्हणाली, काकाच्या डोयाची जिम्मेदारी तुह्यावर हाय, एवढंच म्हनते.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

भराई झाली. माझ्या रेघांप्रमाणे. पाचशे वीसवर रूपला थांबला, चढायची फळी काढायला सांगू लागला. मी म्हणालो, अजून चाळीस. हमालांनी एकमेकांकडे पाहिले.

"मास्तर, शेठले मालूम हाय?"

हो म्हणालो. तो तरी उभाच. मग त्याने विचारले, आन् दौलत्याले? मी म्हणालो, गाडी उद्या मी चालवणार आहे. त्याने खांद्यावरचा रुमाल झटकला आणि माणसांना चला रे म्हणाला. नंतर त्याने मला मास्तर म्हटले नाही. ताडपत्री मी स्वतः बांधली, कड्यांना दुहेरी गाठी मारल्या.

काट्यावर सत्तेचाळीस टन आठ क्विंटल. निता ताई म्हणाल्या, पासिंगच्या वर जाते भाऊ. मी समजावले की यातून उचललेल्या भागाचे वजन वजा करायचे आहे. त्या म्हणाल्या, कोनता उचललेला? मी म्हणालो, उद्या उचलणार आहे. त्यांनी चिठ्ठी माझ्या हातात ठेवली आणि पुढच्या गाडीला हात केला.

चिठ्ठीच्या चार घड्या करून वरच्या खिशात ठेवली. खिशाला बटन आहे. लावले.

यार्डात परत आल्यावर लिफ्ट वर घेतली. वर जाताना ट्राल्यातून कण्हल्यासारखा आवाज आला. नव्या स्थितीची सवय नसावी. मागची आठ चाके खाली बसकी दिसू लागली. तो उताराचा परिणाम. यार्ड सपाट आहे, पण नजरेला उतार वाटतो.

२२ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ६

निघण्यापूर्वी. आईने दह्याची वाटी दिली होती, घाईत राहिली. काका डाव्या बाजूला बसले आहेत. पहिल्यांदाच. त्यांनी डॅशबोर्डवर हात फिरवला आणि म्हणाले, इकडून काचच वेगळी दिसते. मी उजव्या सीटवर. 'चालक' शब्द माझ्या कोपराखाली आहे.

काकांनी नेहमीप्रमाणे विचारले, टायर ठोकून पाह्यले का, डिझेल पाह्यलं का, लिफ्ट खाली हाय ना.

मी म्हणालो, लिफ्ट आपल्या जागेवर आहे.

यात खोटे काही नाही. तिची जागा मी ठरवली आहे.

शेलूबाजार, ७:५०

गाडी उभी करून लिहीत आहे. चालवताना लिहिणे नियमात बसत नाही.

सगळे उत्तम. एका चढावर गाडी थोडी मागे ओढल्यासारखी झाली. काका बोलायचे थांबले. पाय पुढे ताणून बसले, जसे ब्रेक त्यांच्याच पायाखाली आहे. मग म्हणाले, दबल्यावानी चालून राह्यली. मी म्हणालो, नवीन हात आहे, म्हणून तसे वाटते. ते म्हणाले, हात नाई, गाडी.

चहा घेतला नाही. काकांनी दोन घेतले. मी मागे जाऊन चाकांना हात लावला. हात पटकन काढावा लागला. ऊन आहे.

ऊन अजून रस्त्यावर आलेले नाही, पण येईल.

कारंजा, ९:३०

शहराबाहेर पंपावर थांबलो आहे. वाटेत रबराचा वास येत होता. काकांनी विचारले, कायचा वास हाय? मी म्हणालो, पुढच्या गाडीचा असेल. पुढे गाडी नव्हती. काका म्हणाले, पाह्य बरं आरशात, चाकं बरोबर हायेत ना सारे.

दोन्ही आरशांत मिळून मला वर उचललेली चार चाके दिसली. सावकाश, आपोआप वाऱ्याने फिरत होती. बाकीची आठ रस्त्याला चिकटल्यासारखी.

सांगावे असे एकदा वाटले. बटन हाताजवळ आहे. दाबले की लिफ्ट खाली जाईल. पण खाली गेली की नियमाप्रमाणे माझे नऊ टन परत हिशोबात येणार आणि चाळीस कट्टे जादा ठरणार. इथवर आल्यावर माघार घेतली तर शोधाला अर्थ उरत नाही. अजून दोन तास. दोन तासांत कारखान्याचे फाटक. सोमवारी पेंटर.

म्हणालो, "सगळं बरोबर आहे, काका."

ते म्हणाले बरं. आणि टेकून बसले. पहिल्यांदाच टेकून बसले.

धनजजवळ, ११:१५

जमीन उतरती असल्याने अक्षर खराब येत आहे. क्षमस्व. कोणाची क्षमा ते माहीत नाही.

टायर फुटला. आवाज एवढा मोठा की मला वाटले मागे कोणीतरी काही फोडले. मग लगेच दुसरा, त्याच बाजूचा. ट्राला मागून डावीकडे सरकू लागला आणि स्टिअरिंग माझ्या हातात होते पण माझे नव्हते. काका ओरडले नाहीत. हळू आवाजात सांगत राहिले, ब्रेक नको मारू, ब्रेक नको मारू, धरून ठेव फक्त, गेअरवर येऊ दे, येऊ दे, आता थोडा, आता थोडा. मी धरून ठेवले. डावीकडे जांब, म्हणजे पेरू, विकणारी एक बाई खाट टाकून बसलेली दिसली. ती दिसत राहिली, मोठी होत गेली. मग ती उठून पळाली. गाडी थांबली.

घोडा रस्त्यावर, ट्राल्याचा मागचा भाग मातीत. मागच्या कोपऱ्याने खाटेला हलकेच लावले. खाटेचा एक पाय मोडला. जांब उतारावरून रस्त्यावर आले आणि बराच वेळ येत राहिले.

कोणाला काही झाले नाही. हे दोनदा लिहून ठेवतो. कोणाला काही झाले नाही.

बाईंचे नाव भुरीबाई. त्या परत आल्या तेव्हा आधी जांबांकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग ट्राल्याभोवती एक चक्कर मारून आल्या आणि म्हणाल्या,

"काहून रे पोरा, चाकं वर कायले टांगले? धुवून वायाले टाकले का?"

काका दुसऱ्या बाजूने खाली उतरत होते. ते थांबले.

दुपारी २

आरटीओचे पथक त्याच रस्त्याने येत होते. गाडी आडवी दिसली म्हणून थांबले. निरीक्षक मॅडम होत्या. वय कमीच, आवाज शांत. आधी कोणाला लागले का ते विचारले, पाणी दिले. मग ट्राल्याखाली वाकून पाहिले आणि विचारले की भरलेल्या गाडीची लिफ्ट वर का.

आता लपवण्यासारखे काही नव्हते. आणि खरे सांगायचे तर इतक्या जाणकार अधिकाऱ्यासमोर नियम मांडायची संधी पुन्हा आली नसती. मी मांडला. जमिनीला न टेकलेली चाके, काट्याची जागा, ऐंशी किलोचा प्रयोग, तो पुन्हा करून पाहिल्याचे, सगळे. मॅडमनी एकदाही मध्ये तोडले नाही. काका बोनेटला टेकून उभे होते. ऐंशी किलोचे ऐकल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"मी खर्रा घ्याले उतरलो होतो ना रे तवा."

मी म्हणालो, हो, पण.



मॅडमनी विचारले, "तुमच्या घरी खाट आहे का?"

मला याच प्रश्नाची भीती होती.

टायर बदलून, लिफ्ट वरच ठेवून, गाडी हळूहळू जवळच्या काट्यावर नेली. त्यांनी एकेक ॲक्सल चढवून वजन घेतले. तीन ॲक्सलांचा भार दोन ॲक्सल वाहत होते. दोघांवरही मर्यादेच्या कितीतरी वर. मग लिफ्ट खाली सोडायला लावली आणि पुन्हा घेतले. एकेकावरचा भार झरझर उतरला. एकूण आकडा मात्र तेवढाच राहिला. त्यातले चाळीस कट्टे जादा. मी तिसऱ्यांदा घ्यायची विनंती केली नाही.

पावती फाटली. चाळीस कट्टे उतरवल्याशिवाय गाडी पुढे जाणार नाही, असे मॅडम म्हणाल्या. त्यासाठी गाडी काट्यावरून परत आणली; उतरवायची जागा भुरीबाईंच्या खाटेशेजारी मिळाली, कारण गावातला त्यांचा मुलगा आणि त्याचे दोन मित्र तिथे हमालीला तयार झाले.

शेठना फोन मीच केला. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. ते म्हणाले, दौलतरावले दे. काकांनी ऐकून घेतले, हो हो म्हणाले, फोन मला परत दिला. कट झालेला होता.

अमरदीपचे घर इथून जवळ. तो मोटरसायकलवर आला. मला जय भीम घातला, काकांच्या पाया पडला, गाडीभोवती फिरून प्रत्येक चाकाला पाय मारला. लिफ्टच्या बटनाला हातही लावला नाही, फक्त चाके खाली आहेत हे वाकून पाहिले. हसला नाही. हसला असता तर मी काहीतरी उत्तर दिले असते.

काका डाव्या बाजूने चढण्याआधी माझ्याजवळ आले. खिशातून रुमाल काढून त्यांनी उजवा डोळा पुसला. त्यातून नेहमीच पाणी येते.

"आरशात तुले चाकं दिसत होते ना?"

"हो."

"मले नाई दिसत रे. म्हनून तुले इचारलं."

मी त्यांच्यासाठी डावे दार उघडले.

ते वर चढले. दार लावताना त्यांनी खाली माझ्याकडे बघायचे टाळले की त्या डोळ्याने दिसले नाही, हे ठरवता आले नाही.

सायंकाळी ५

चाळीस कट्टे माझ्या ताब्यात आहेत. दुसरी गाडी येईपर्यंत राखण करायची आहे. शेठचा निरोप आहे की ती आज येईल. उद्याही येऊ शकेल.

ट्राला गेला तेव्हा मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. अमरदीपने वळण घेताना आरशात पाहिले, दोन्ही बाजूंनी. दारावर पिवळ्या रंगात 'चालक' आणि दोन ठिपके. पुढे जागा मोकळी. लांबूनही वाचता येत होते, पेंटरने अक्षर चांगले काढले आहे.

पावती वाचून पाहिली. त्यावर माझे पूर्ण नाव आहे आणि नावापुढे 'चालक' असे लिहिले आहे. ह्रस्वदीर्घ सर्व बरोबर. सरकारी कागदावर माझ्या नावापुढे हा शब्द पहिल्यांदाच आला. घडी करून वरच्या खिशात ठेवली. तिथे काट्याची चिठ्ठी आधीच होती. बटन लागेना.

सुकेशनीचा फोन आला. बातमी पोचली असावी. तिने खाटेचे नाव काढले नाही. फक्त विचारले, काका बरे हायेत ना, आन् तू. बरे आहेत म्हणालो. ती म्हणाली, जेवला का. जांब खाल्ले म्हणालो.

ते भुरीबाईंनी दिले. रस्त्यावर पडून फुटलेले होते, कोणी विकत घेणार नाही असे त्या म्हणाल्या. त्यांनी चांगले चांगले वेचून पुन्हा खाटेवर मांडले आहेत, संध्याकाळच्या गाड्यांना विकायला. खाटेचा एक पाय मी मोडलेला. मुलगा सुताराकडे गेला आहे. तोवर त्यांनी मला त्या कोपऱ्याशी बसवले आणि म्हणाल्या, धर इथं, सोडू नको, नाही तं सारं त्या बाजूनं लवंडते.

म्हणून हे एका हाताने लिहितो आहे. दुसऱ्या हाताने खाट धरली आहे. वही कट्ट्यावर ठेवली आहे.

खाट स्थिर आहे. चालत वगैरे नाही.

तरी जड आहे.